वीस शून्यांचा तक्ता

"दुखणं दहापैकी किती?" खुब्याच्या डॉक्टरांनी विचारलं.

मी म्हणालो, साडेसहा. त्यांनी कागदावर सात लिहिलं. मी पुन्हा म्हणालो, साडेसहा. त्या म्हणाल्या, "यात अर्धे नसतात." मी विचारलं, "म्हणजे या मोजपट्टीचं सर्वांत लहान माप एक, असं धरायचं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं.

"ते क्वालिटीत आहेत," बायको म्हणाली. 'त्यांना रक्तदाब आहे' हे ज्या सुरात सांगतात त्या सुरात.

मी चाकणच्या एका कंपनीत एकवीस वर्षं तपासणी विभागात आहे. आमची कंपनी मोटारीच्या सीटचे सांधे बनवते. सीटचा पाठ टेकायचा भाग ज्याच्यावर मागेपुढे होतो, तो लोखंडी सांधा. प्रत्येक खेपेतले पाच सांधे आम्ही बाजूला काढतो, त्यांच्यावर पंचाहत्तर किलोचं वजन चढवतो आणि मग वाकवून बघतो. वजनाशिवाय वाकवून बघण्यात अर्थ नसतो, कारण रिकाम्या सीटचा सांधा कधी कुरकुरत नाही. विभागात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी मी हे वाक्य ऐकवतो. ते इथे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यानंतर ते लिहिण्याचा मला फारसा अधिकार उरत नाही.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पाठीचं ऑपरेशन झालं. खालचे दोन जोड हलायला नकोत म्हणून पक्के केले. सहा स्क्रू आणि दोन सळ्या. आदल्या दिवशी मी पाठीच्या डॉक्टरांना विचारलं होतं की स्क्रू किती जोराने आवळायचा हे कशावर ठरतं. ते म्हणाले, "हाताला कळतं." आमच्या कंपनीत असं उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी प्रशिक्षणाला बसवतात. प्रत्येक पाना दर सहा महिन्यांनी तपासून त्यावर चिठ्ठी लावली जाते, आणि हाताला काही कळतं हे तिथे कोणी मान्य करत नाही. ऑपरेशन उत्तम झालं. सहा वर्षांत एकही स्क्रू ढिला झालेला नाही. निकाल मला मान्य आहे, पद्धत अजून मान्य नाही.

त्यानंतर साडेतीन वर्षांनी उजव्या जांघेत दुखायला लागलं. दोष अर्थातच पाठीला गेला. एखाद्या मशीनमध्ये एकदा बिघाड निघाला की पुढे त्या लाइनवर काहीही बिनसलं तरी सगळे त्याच मशीनकडे बोट दाखवतात, तसं. गुडघा आखडला, पाठ. झोप लागली नाही, पाठ. एकदा मला शिंक आली तरी बायको म्हणाली, "पट्टा बांधलाय ना?" ऑपरेशननंतरचे तीन महिने मला वाकू न देण्याची जबाबदारी डॉक्टरांनी तिच्यावर सोपवली होती, आणि ती जबाबदारी संपल्याचं तिला कोणी लेखी कळवलेलं नव्हतं.

रावेतहून चाकणपर्यंत कंपनीच्या बसने मला सरासरी बहात्तर मिनिटं लागतात. पस्तिसाव्या मिनिटाला जांघेत कळ सुरू व्हायची. तळवड्याच्या चौकात बस अडकली की मी उठून उभा राहायचो आणि चाकणपर्यंत उभाच असायचो.

"बसा की राव," मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणायचं. "ब्रेक लागला की तुम्ही आमच्या मांडीवर. आमची पण हाडं आहेत."

"साहेब इन्स्पेक्शन करतायत, कोण झोपलंय ते बघतायत," दुसरा म्हणायचा.

उभं राहणं एकवेळ चाललं असतं. पण खाली वाकून सांधा बघायचा, मापं घ्यायची, उठायचं, असं दिवसातून साठ-सत्तर वेळा होतं, आणि तेही जमेना. मग आमच्या मॅनेजरांनी फार गोड शब्दांत मला सुचवलं की पुढच्या वर्षापासून मी कागदपत्रांच्या खोलीत बसावं. तिथे ए.सी. आहे. तिथे चाकाची खुर्चीही आहे. तिथून निवृत्त होण्याआधी पुन्हा लाइनवर आलेला माणूस मात्र माझ्या पाहण्यात नाही.

पाठीच्या डॉक्टरांनी नवे फोटो काढले आणि सांगितलं की त्यांचं काम चोख आहे, खुबा दाखवा. हेही मला ओळखीचं होतं. रंगाला फुगे आले की वेल्डिंगवाले पेंटिंगकडे पाठवतात आणि पेंटिंगवाले परत वेल्डिंगकडे. अशा रीतीने मी वाकडला या डॉक्टरांसमोर पोचलो होतो.

त्यांचं वय माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी कमी असेल. टेबलावर मणक्याचा प्लास्टिकचा नमुना होता. तो वाकवून त्यांनी दाखवलं की माणूस खाली बसतो तेव्हा थोडी पाठ वाकते आणि बाकीचा खुबा वाकतो. "तुमच्या पाठीचे दोन जोड पक्के केलेत. त्यांच्या वाटचं वाकणंसुद्धा आता खुब्यालाच करावं लागतं."

"दोन माणसं कमी केली आणि त्यांचं काम तिसऱ्यावर टाकलं," मी म्हणालो.

"हो. आणि त्याच्या हाडाला आधीपासून एक उंचवटा आहे. वाकताना तो खुब्याच्या वाटीच्या कडेला घासतो. ती कड रबरी सीलसारखी असते. ती फाटलीय."

दोन-तीन छोटी भोकं पाडून दुर्बिणीतून ती कड शिवता येते, उंचवटा घासून काढता येतो, असं त्या म्हणाल्या. मी लगेच हो म्हणणार होतो. पण त्यांचं संपलं नव्हतं. ज्यांच्या पाठीचं आधी ऑपरेशन झालेलं असतं त्यांनाही याने फरक पडतो, पण पाठ धडधाकट असलेल्यांइतका नेहमी पडत नाही. कारण दुखणं नक्की खुब्यातून येतंय की पाठीतून, हे अशा माणसांत धड कळत नाही. फोटोत फाटलेलं दिसतं, पण फाटलेलं दिसतं तेच दुखतं असंही नाही.

मी टक्केवारी विचारली. त्यांनी एक आकडा सांगितला आणि दुसऱ्या अहवालात तो कसा वेगळा आहे तेही सांगितलं. दोन आकड्यांत इतकं अंतर होतं की आमच्याकडे तेवढी सूट कोणत्याही नगाला मिळाली नसती. मी तसं म्हणालो.

"आकडा गटाचा असतो," त्या म्हणाल्या. "तुमचा नाही."

हे मी गिऱ्हाइकांना अनेकदा ऐकवलं आहे. पाच सांधे तपासून आम्ही खेपेबद्दल बोलतो, तुमच्या हातातल्या सांध्याबद्दल नाही. ते ऐकताना गिऱ्हाइकाचा चेहरा कसा होतो, ते मला त्या दिवशी आतून कळलं.

तर प्रश्न एवढाच होता. दोष खुब्याचा असेल तर ऑपरेशन, तीन-चार महिने घरी आणि कमी वजनाची कामं, मग पुन्हा लाइन. दोष पाठीचा असेल तर खुबा उघडणं म्हणजे चांगल्या मशीनचा नट विनाकारण सोडणं, आणि वर कागदपत्रांची खोली कायमची. ते ठरवायला एक चाचणी होती. खुब्याच्या सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन द्यायचं. चार-पाच तास तो सांधा गप्प राहतो. तेवढ्या वेळात दुखणं गेलं तर दोष खुब्याचा. राहिलं तर दुसरीकडे शोधा.

"त्या वेळात जे जे केल्याने दुखतं ते सगळं करा," डॉक्टर म्हणाल्या. "जिना चढा, मांडी घाला, बसमध्ये बसता तसं बसा. आणि लिहून ठेवा."

लिहून ठेवा हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

चाकणची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, म्हणून इंजेक्शन गुरुवारी सकाळी ठरलं. बुधवारी मी तक्ता आखला. दर पंधरा मिनिटांनी एक, अशा वीस ओळी. रकाने चार: वेळ, दुखणं, त्या वेळी चालू असलेलं काम, शेरा. खाली नोंद घेणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. तपासणारी म्हणून बायकोचं नाव घातलं.

इंजेक्शन दहाला झालं. बाहेर आल्यावर काउंटरवर एक छापील कागद मिळाला. त्यावर दवाखान्याचा शिक्का होता आणि खाली पाच सूचना. दुसरी सूचना होती: 'इंजेक्शननंतर पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. जिने चढू नयेत.'

आमच्या कंपनीत एक नियम आहे आणि त्याच्यामुळे मी बरेच अपघात टळलेले पाहिले आहेत. तोंडी सूचना ही सूचना नव्हे. सुपरवायझर काहीही म्हणो, मशीनवर जो कागद लटकवलेला असतो तोच खरा. कागद चुकीचा वाटला तर आधी कागद बदलून घ्यायचा, तोवर त्याच्याप्रमाणेच चालायचं. ऑडिटला आलेला माणूस कामगाराला हाच प्रश्न विचारतो, आणि उत्तर चुकलं की आम्हाला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

मी कागद दोनदा वाचला.

"डॉक्टर तर जिना चढा म्हणाल्या होत्या," मी म्हणालो.

"म्हणाल्या असतील," बायको म्हणाली. "इथे काय लिहिलंय?"

"चढू नये."

"मग झालं."

घरी आलो तर पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती आणि गुडघ्याखाली ठेवायची उशी तयार होती. सहा वर्षांपूर्वीची तीच उशी. मी आडवा झालो. बायकोने मोबाइलवर पंधरा-पंधरा मिनिटांचे गजर लावले. पाऊण वाजला, शून्य. एक वाजला, शून्य. जेवण पलंगावरच आलं. मुगाची खिचडी, कारण आमच्या घरी इंजेक्शन आणि खिचडी वेगळी करता येत नाहीत. सव्वा, दीड, पावणेदोन, शून्य, शून्य, शून्य. कामाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'विश्रांती' लिहिलं होतं. पुढे 'वरीलप्रमाणे' लिहीत गेलो. साडेतीनला विसावं शून्य लिहिलं, सही केली, बायकोने सही केली. दुखण्याच्या अडीच वर्षांत इतका चांगला तक्ता माझ्या हातून झाला नव्हता.

"खुबाच होता," बायको म्हणाली. तिने तिच्या बहिणीला फोन केला. बहिणीने आणखी दोघींना केला. चार वाजेपर्यंत आमच्या नात्यात माझ्या पाठीची निर्दोष सुटका झाली होती. मी मॅनेजरांना कळवून टाकलं की खुबाच आहे, ऑपरेशन करतोय, लाइन सोडत नाही. त्यांनी अंगठा पाठवला.

सहाच्या सुमाराला आमचा लाइन लीडर भेटायला आला. तो चाकणजवळच्या कुरुळीचा. सकाळी शेत, मग शिफ्ट, असं त्याचं बावीस वर्षं चाललेलं आहे. आजाऱ्याला लोक फळं नेतात, त्याने घरचे पाच किलो कांदे आणले होते.

त्याच्याबद्दल एक सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी तो घासाईच्या मशीनवर होता. तासातासाला एक नग मोजून आकडा लिहायचा, असे शिफ्टचे आठ आकडे. एका दिवशी त्याचे आठही आकडे सारखेच निघाले, शेवटच्या दशांशापर्यंत. मी ते नग शोधून स्वतः मोजले. आठ वेगवेगळे निघाले. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो होतो, "ही आठ मापं नाहीत. हे एक माप आठ वेळा लिहिलंय." आणि मेमो दिला होता. तो वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलला. पुढे कामात इतका काटेकोर झाला की लाइन लीडर नेमायची वेळ आली तेव्हा त्याचं नाव मीच दिलं. पण तो मेमो आम्हा दोघांच्या मध्ये कायम एखाद्या स्टुलासारखा ठेवलेला असतो. कधी त्याला अडखळतो आम्ही, कधी त्यावर बसून चहा पितो.

"कसं हाय साहेब?"

"शून्य," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"म्हणजे दुखतच नाही. वीस नोंदी, वीस शून्यं." मी तक्ता त्याच्या हातात दिला. दाखवायची हौस होती, ते कबूल करतो.

मी त्याची चेकशीट जशी बघायचो तसा तो तक्ता बघायला लागला. आधी वरून खाली, मग आडवा. सह्यांपाशी थांबला. मग कामाच्या रकान्याकडे गेला.

"विश्रांती," तो वाचायला लागला. "वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे. वरीलप्रमाणे." चौथ्यानंतर त्याने वाचायचं थांबवलं. "साहेब, एक इचारू? काल आडवं व्हता तवा किती हुतं?"

"काल?"

"काल. सुई न्हाई टोचली तवा."

मी काही बोलण्याआधी बायको चहा घेऊन आली होती. "आडवं असताना यांना कधीच दुखत नाही," ती म्हणाली. "तेवढंच तर बरं आहे."

त्याने तक्ता उशीवर ठेवला. कांद्याच्या पिशवीचं तोंड बांधत बसला. बोलण्याआधी त्याला तेवढा वेळ लागतो.

"मंग सुई न टोचता बी वीसच शून्यं आली असती की."

मी छताकडे पाहिलं. पंखा चालू होता.

"रिकाम्या सीटचा सांधा कुरकुरत न्हाई, असं कायतरी तुमी सांगता ना," तो म्हणाला. "मला पाठ न्हाई नीट."

त्याला ते पाठ आहे. त्याच्या लाइनवर येणाऱ्या प्रत्येकाला तो ते माझ्यापेक्षा मोठ्याने सांगतो.

"कागदावर लिहिलं होतं," मी म्हणालो.

"व्हय, माझ्या बी कागदावर लिवलं हुतं. आमी आठ लिवले तर मेमो. तुमी वीस लिवले. ह्याला काय देत्यात?"

बायकोला या मेमोचा इतिहास ठाऊक नव्हता. तो तिला त्याने तिथेच, चहा संपेपर्यंत, सविस्तर सांगितला. ती हसली, आणि मग मध्येच गंभीर झाली, कारण बहिणीला फोन करून झाला होता.

तो गेल्यावर मी उठलो. लिफ्ट सोडून दोन मजले जिन्याने उतरलो आणि चढलो. मग जमिनीवर मांडी घालून पाहिली. सात. पण त्याला आता किंमत नव्हती, औषध उतरून गेलेलं होतं. पाच तास त्या सांध्याला बोलायची बंदी होती, आणि ते पाचही तास मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. मधले तीन दिवस मी त्या तक्त्याकडे बघण्यात घालवले. खरं सांगायचं तर मोह झाला. वीस शून्यं बघून त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली असती. कामाचा रकाना कोणी वाचत नाही, हे मी एकवीस वर्षं पाहतो आहे. सगळे आकडे बघतात. आणि दोष खुब्याचा असण्याची शक्यता होतीच की. पस्तिसाव्या मिनिटाची ती कळ जांघेतच यायची. एकदा ऑपरेशन झालं असतं, बरं वाटलं असतं, तर त्या तक्त्याबद्दल पुन्हा कोणी विचारलंही नसतं. आणि बरं वाटलं नसतं तर? तर ज्या खोलीत मला जायचं नव्हतं त्याच खोलीत, आणखी तीन भोकं घेऊन, मी बसलो असतो, आणि तो तक्ता नीट फाइलला लावून ठेवायचं कामही माझंच असतं.

"त्यात 'चालणे' लिहा ना दोन ठिकाणी," बायको म्हणाली. "बाथरूमला दोनदा गेलाच होता."

"किती पावलं?"

"अहो, कुठे मोजतंय कोणी?"

"चौदा," मी म्हणालो. "जाऊन येऊन."

तिने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगूनच टाका. नाहीतर वर्षभर त्यावरच माझ्याशी बोलत बसाल."

सोमवारी डॉक्टरांनी तक्ता हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. इतका नीटनेटका तक्ता त्यांना कोणी आणून दिला नसावा. त्या काही बोलण्याआधी मीच म्हणालो, "हा तक्ता रद्द करा. मी दिवसभर झोपून होतो."

"मी जिना चढायला सांगितलं होतं ना?"

"तोंडी सांगितलं होतं." मी छापील कागद पुढे केला.

त्यांनी तो वाचला. मला वाटतं पहिल्यांदाच वाचला. "अहो, हा सगळ्याच इंजेक्शनांना देतात. खांद्याला, गुडघ्याला."

"त्यावर तसं लिहिलेलं नाही. क्रमांक नाही, तारीख नाही. कोणत्या इंजेक्शनचा ते नाही."

"तुम्ही डॉक्टरचं ऐकायचं की कागदाचं?"

"आमच्याकडे कागदाचं."

त्या बराच वेळ हसल्या नाहीत. मग हसल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा इंजेक्शन द्यायचं ठरलं. मी म्हणालो, या वेळी काय करायचं ते लिहून द्या. त्यांनी पॅडवर लिहिलं: 'बस. जिना. मांडी. दुखेल ते सर्व करणे.' बायकोने कागद हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, "सही?" त्यांनी सही केली.

दुसऱ्या वेळी मी कामाचा दिवस निवडला. इंजेक्शन अकराला झालं आणि दुपारच्या शिफ्टची बस मी रावेतला पकडली. मुद्दाम मागच्या चाकावरची सीट घेतली, जिथे माझा सर्वांत वाईट अनुभव होता. तक्त्यात या वेळी दुखण्याचे रकाने दोन केले होते, जांघ आणि मागे, कारण डॉक्टर म्हणाल्या होत्या की जागाही लिहा.

पस्तीस मिनिटं झाली. जांघेत एक. तळवड्याचा चौक, पन्नास मिनिटं, जांघेत एक. मी बसून होतो. मागून आवाज आला, "आज साहेब बसलेत. तब्येत बरी नाही का?" चाकणला उतरलो तेव्हा जांघेत दोन होते. आणि मागे, पट्टा बांधतो त्याच्या जरा खाली उजवीकडे, चार होते. त्याआधी ते चार मला माहीतच नव्हते. मोठ्या मशीनचा आवाज बंद झाला की बाजूच्या लहान मोटरची घरघर ऐकू येते, तसं ते ऐकू आलं. लाइनवर गेलो, तेवीस वेळा वाकलो, उठलो. लाइन लीडर हातात घड्याळ घेऊन माझ्याबरोबर फिरत होता आणि दर पंधरा मिनिटांनी विचारत होता. मी आकडा सांगायचो, तो लिहायचा. एकदा मी सवयीने 'वरीलप्रमाणे' म्हणालो, तेव्हा त्याने पेन खिशात टाकलं.

"आकडा सांगा साहेब."

"मागे चार."

"मंग चार लिवतो."

जांघ सातावरून दोनवर. मागे चारचे चार, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दोन तक्रारी होत्या, आणि अडीच वर्षं मी त्या एकाच ओळीत नोंदवत होतो. साडेसहा हा माझा आकडा कोणत्याही एका गोष्टीचा नव्हता.

डॉक्टरांनी तो तक्ता आडवा वाचला. "जांघेतलं माझं," त्या म्हणाल्या. "मागचं माझं नाही. ते मी काढू शकत नाही आणि काढीन असं सांगणारही नाही. सगळं नीट झालं तरी तुम्ही तीनवर याल, चारवर याल. शून्यावर नाही. पहिल्या तक्त्यावर ऑपरेशन केलं असतं तर तुम्ही शून्य धरून बसला असता, आणि तीन आल्यावर मला नापास केलं असतं."

ते खरं होतं. मी नापास केलंच असतं, लेखी.

बायकोने मोबाइल पर्समध्ये टाकला. तिच्या बहिणीपर्यंत शून्य पोचलेलं होतं. ते परत बोलावून तीन पाठवायला लागणार होतं.

मी विचारलं, "तीनवर बहात्तर मिनिटं बसता येतं का?"

"ते तुम्ही सांगायचं," डॉक्टर म्हणाल्या. "मोजणारे तुम्ही."

मी हो म्हणालो. ऑपरेशन झालं. दुर्बीण आत घालायला जागा व्हावी म्हणून पाय ओढून धरतात, हे मला आधी माहीत होतं. किती किलोने ओढतात ते मी विचारलं नाही. भूल देणारे डॉक्टर जवळच उभे होते आणि मला उत्तर 'हाताला कळतं' असं मिळेल याची भीती होती. सहा आठवडे कुबड्या. त्यानंतर तीन महिने मला कागदपत्रांच्या खोलीत बसवलं, तात्पुरतं, असं लेखी घेऊन. ए.सी. खरोखर चांगला आहे. तिथे वेळ भरपूर होता, म्हणून मी दवाखान्याला त्यांच्या छापील कागदाबद्दल दीड पानाचं पत्र पाठवलं. पुढच्या तपासणीला काउंटरवर नवा कागद दिसला. त्यात सहावी सूचना होती: 'डॉक्टरांनी वेगळे सांगितले असल्यास ते पाळावे.' तारीख आणि क्रमांक अजूनही नाही.

आता मी लाइनवर आहे. बसमध्ये बहात्तरपैकी साठ मिनिटं बसतो, तळवड्याला एकदा उठतो. मागच्या सीटवरच्या लोकांनी ते मान्य केलं आहे. वाकणं बेचाळीसपर्यंत जमतं, त्यापुढचे नग लाइन लीडर वर उचलून दाखवतो. भेटणारे विचारतात, "मग, आता एकदम बरं?" मी म्हणतो, तीन. त्यांचा चेहरा पडतो. ऑपरेशन फसलं, असं त्यांना वाटतं. नातेवाइकांत अजून शून्यच चालू आहे. बायकोने ते परत बोलावलं नाही, आणि मीही त्याबाबतीत पत्र लिहिलेलं नाही.

सकाळी ती चहा टेबलावर ठेवते आणि विचारते, "कसं आहे आज?"

मी तेव्हा खुर्चीत बसलेला असतो. काहीच दुखत नसतं.

"थांब, सांगतो," असं म्हणून मी उठतो आणि दोन मजले उतरून पुन्हा चढायला जातो. परत येईपर्यंत चहावर साय धरलेली असते. आता ती माझा कप दहा मिनिटं उशिरा भरते.